औषधाचा माग

कोणत्याहि औषधाचा इतिहास लिहावयास बसलें म्हणजे लेखकाची लेखणी आपोआप शोधाच्या क्षणाकडे धांव घेते. लंडनच्या सेंट मेरी इस्पितळांत १९२८ च्या सप्टेंबरांत अलेक्झांडर फ्लेमिंग यांच्या एका बशींत बुरशी उगवली, तिच्या भोंवतालचे जंतु विरघळून गेले, आणि पेनिसिलिनची चाहूल लागली, ही कथा आतां शाळेंतील मुलांनाहि पाठ आहे. परंतु औषध सांपडणें हा त्याच्या इतिहासाचा अर्धाच भाग झाला. तें किती आहे, कोठें आहे, आणि जेथें असूं नये तेथें तर जाऊन बसलें नाहीं ना, हें ओळखण्याची विद्या हा दुसरा अर्धा भाग होय. ह्या दुसऱ्या अर्ध्या भागाला नायक नाहींत, नाट्य नाहीं, म्हणून तो सहसा सांगितला जात नाहीं. प्रस्तुत लेखांत आम्ही त्याचाच थोडा परामर्श घेणार आहों. विषय प्रयोगशाळेंतला दिसला तरी त्याचा संबंध आपल्या घरांतल्या दुधाच्या पातेल्याशीं आणि रुग्णाच्या उशाशीं टांगलेल्या सलाइनच्या बाटलीशीं आहे, हें वाचकांच्या लवकरच ध्यानांत येईल.

फ्लेमिंग यांनीं जें पाहिलें त्यापासून औषध तयार करण्याचें श्रेय ऑक्सफर्डच्या मंडळीकडे जातें. फ्लोरी आणि चेन ह्यांचीं नांवें सर्वतोमुखीं आहेत. परंतु त्यांचे सहकारी नॉर्मन हीटली हे आमच्या कथेच्या दृष्टीनें अधिक महत्त्वाचे. बुरशीच्या गढूळ रसांत औषधाचा अंश किती, हें कळल्यावांचून तो शुद्ध करण्याच्या खटपटीला दिशाच राहिली नसती. आणि त्या काळीं तो तोलण्यास तराजू नव्हता, कारण पदार्थच कोणीं शुद्ध स्वरूपांत पाहिलेला नव्हता. हीटली यांनीं तोड काढली ती मोठी सुबोध होती. जंतु पेरलेल्या आगरच्या थरावर लहान लहान नळकांडीं उभीं करावयाचीं आणि त्यांत तपासावयाचा रस घालावयाचा. रस भोंवतालीं झिरपतो. त्यांत औषध असेल तितक्या अंतरापर्यंत जंतु वाढत नाहींत, आणि नळकांड्याभोंवतीं एक स्वच्छ वर्तुळ उमटतें. वर्तुळ जितकें मोठें तितकें औषध अधिक. ह्याच मापनांतून ‘ऑक्सफर्ड युनिट’ जन्मास आलें. पुढें १९४४ सालीं आंतरराष्ट्रीय युनिट ठरलें, तें ०.६ मायक्रोग्रॅम शुद्ध पेनिसिलिनइतकें. म्हणजे पेनिसिलिनचें पहिलें माप पट्टीनें घेतलें गेलें, आणि तें घेणारा साक्षीदार होता स्वतः मरणारा जंतु.

१९४० च्या मे महिन्यांत आठ उंदरांना मारक जंतु टोंचण्यांत आले. चारांना औषध दिलें, चारांना दिलें नाहीं. औषध न मिळालेले चारही रात्रींतच मेले. १९४१ च्या फेब्रुवारींत आल्बर्ट अलेक्झांडर नांवाच्या एका पोलिस शिपायावर पेनिसिलिनचा प्रयोग झाला. तो सुधारूं लागला. परंतु औषध शरीरांत ठरत नव्हतें, मूत्रावाटें भराभर बाहेर जात होतें. ऑक्सफर्डच्या मंडळींनीं तें मूत्र जमवून त्यांतून औषध पुनः काढलें आणि पुनः दिलें. तरीहि सांठा संपला आणि मार्चमध्यें तो शिपाई दगावला. ह्या करुण प्रसंगांत आमच्या विषयाचें बीज आहे. औषध दिलें म्हणजे तें रक्तांत आहेच असें नाहीं. आणि शरीराबाहेर गेलें म्हणजे तें नाहींसें झालें असेंहि नाहीं. लवकरच, १९४२ सालीं, अमेरिकेंत चार्ल्स रॅमेलकँप यांनीं रुग्णाच्या रक्तांतील पेनिसिलिन मोजण्याची रीति प्रसिद्ध केली. रक्तरस उत्तरोत्तर पातळ करीत जावयाचा आणि कोणत्या पायरीपर्यंत तो जंतूंची वाढ थांबवितो हें पाहावयाचें. उत्तर बरोबर मिळे. पण तें मिळेपर्यंत रात्र उलटून जाई.

ऑक्सफर्डच्याच प्रयोगशाळेंत १९४० च्या अखेरीस आणखी एक गोष्ट उघडकीस आली होती. अब्राहम आणि चेन यांना असें आढळलें कीं, कांहीं जंतु पेनिसिलिनचाच नाश करणारें एक एन्झाइम तयार करितात. त्याला त्यांनीं ‘पेनिसिलिनेज’ असें नांव दिलें. ऑक्सफर्डमध्यें औषध अद्याप पहिल्या रुग्णापर्यंत पोंचलें नव्हतें, तोंच त्याचा मारेकरी शास्त्रज्ञांच्या दृष्टीस पडला होता! पेनिसिलिनच्या रेणूंत चार अणूंचें एक ताणलेलें कडें असतें. तेंच त्याचें शस्त्र. हें एन्झाइम तें कडें पाण्याच्या साहाय्यानें उघडतें, औषध निकामी होतें, आणि त्या जागीं एक आम्ल निर्माण होतें. हें आम्ल वाचकांनीं स्मरणांत ठेवावें. त्याचें काम पुढें पडणार आहे.

महायुद्ध संपल्यावर पेनिसिलिन स्वस्त झालें आणि माणसांकडून जनावरांकडे वळलें. गाईच्या कांसेला सूज येऊन दूध बिघडतें त्या रोगावर, ज्याला आपल्याकडे कासदाह म्हणतात, सडांतून पेनिसिलिन सोडण्याचा प्रघात युरोप-अमेरिकेंत सुरू झाला. गुण आला; परंतु थोड्याच दिवसांत चीझ करणाऱ्यांची तक्रार सुरू झाली. त्यांचें विरजण लागेना. दुधाचें दहीं किंवा चीझ करणारे जंतु पेनिसिलिनला फार लवकर बळी पडतात. ज्या गृहिणीचें दहीं कधीं कधीं रात्रभर ठेवूनहि लागत नाहीं, तिला हें सांगावयास नको कीं विरजण हा किती नाजुक जीव आहे. अर्थात् प्रत्येक न लागलेल्या दह्याचा दोष औषधावर लादणें अन्यायाचें होईल. थंडी, जुनें विरजण, हींहि कारणें असतात. पण दुग्धशाळेंतील हौदच्या हौद फसूं लागले, तेव्हां कारण शोधणें भाग पडलें. येथें एक गोष्ट मुद्दाम नमूद करावीशी वाटते. दुधांतील औषधाचा माग प्रथम लागला तो कोणा मुलाच्या अंगावर पित्त उठलें म्हणून नव्हे, तर व्यापाऱ्याचा माल बिघडला म्हणून. पेनिसिलिन न मानवणाऱ्या माणसांची काळजी मागाहून आली. इतिहासांत हा क्रम वारंवार आढळतो.

ही मात्रा किती सूक्ष्म असते, ह्याचा हिशेब पाहण्यासारखा आहे. दुधांत पेनिसिलिनची जी कमाल मर्यादा युरोपांत व आंतरराष्ट्रीय अन्नसंहितेंत ठरविण्यांत आली, ती किलोमागें ४ मायक्रोग्रॅम. म्हणजे एक ग्रॅम औषध अडीच लाख किलो दुधाला मर्यादेपर्यंत नेण्यास पुरे. एक लाख युनिटें, अर्थात् ६० मिलिग्रॅम, कांसेंत सोडलीं आणि तीं सारीं दुधांत उतरलीं असें समजलें, तर त्या एका मात्रेनें १५ हजार किलो दूध त्या मर्यादेला जाऊन भिडेल. उकळल्यानें हें औषध पुरतें नष्ट होत नाहीं, त्यामुळें आपल्या घरांतील दूध तापविण्याची चांगली रीत जंतूंपासून रक्षण करिते, ह्या उपद्रवापासून नाहीं. उपाय एकच, तो म्हणजे औषधोपचारानंतर ठरलेले दिवस त्या जनावराचें दूध विक्रीच्या दुधांत न मिसळणें.

माणसाच्या सचोटीवर सर्व भार टाकणें व्यापारास परवडत नाहीं, म्हणून परीक्षा निघाल्या. त्यांत नामांकित झाली ती हॉलंडमधील डेल्फ्ट येथील एका कारखान्याची, १९७५ च्या सुमाराची ‘डेल्व्होटेस्ट’. ६४ अंश उष्णतेंत सुखानें वाढणारा एक जंतु, त्याचें अन्न आणि जांभळा रंग हीं एका लहानशा कुपींत घातलेलीं असतात. तींत दुधाचा थेंब टाकून ती ऊन ठेवावयाची. दूध निर्मळ असेल तर जंतु वाढतो, आम्ल तयार होतें आणि जांभळा रंग पिवळा होतो. औषध असेल तर जांभळा तसाच राहतो. हीटलींच्या वर्तुळाचेंच हें सुटसुटीत रूप. तथापि जंतूला वाढावयास वेळ लागतोच, आणि उत्तरास दोन-तीन तास लागतात. तेवढ्या अवकाशांत दूध टाकींत ओतलें गेलेलें असतें. शंभर गोठ्यांचें दूध एकत्र झाल्यावर दोष कोणाचा, हें कोणतीहि कुपी सांगूं शकत नाहीं.

ह्या अडचणींतून मार्ग निघाला तो अगदीं निराळ्या दिशेकडून. अमेरिकन शास्त्रज्ञ लेलंड क्लार्क यांनीं १९५६ सालीं रक्तांतील प्राणवायु मोजणारें विद्युत्-शलाकेचें उपकरण प्रसिद्ध केलें होतें. १९६२ सालीं त्यांना आणि त्यांचे सहकारी लायन्स यांना असें सुचलें कीं, ह्या शलाकेच्या टोंकाशीं एखादें एन्झाइम पडद्यांत कोंडून ठेवावें. साखरेवर काम करणारें एन्झाइम प्राणवायु खर्च करितें. प्राणवायु किती घटला हें शलाका सांगते. म्हणजेच साखर किती होती हें कळतें. ज्याला आज जैवसंवेदक किंवा बायोसेन्सर म्हणतात, त्याचा हा आरंभ. एका बाजूस सजीव सृष्टींतील एक निवडक ओळखणारा, दुसऱ्या बाजूस ती ओळख विजेच्या, प्रकाशाच्या किंवा उष्णतेच्या भाषेंत सांगणारा दुभाषी, आणि दोघांची घट्ट सांगड. मधुमेही माणसें आज घरबसल्या बोटाच्या एका थेंबावर साखर पाहतात, ती ह्याच कल्पनेची संतति.

मघांचें आम्ल आतां कामास येतें. १९७३ सालीं पापारिएलो, मुखर्जी आणि शिअरर यांनीं आम्लता मोजणाऱ्या कांचेच्या शलाकेवर पेनिसिलिनेज बसविलें. पेनिसिलिन आलें कीं एन्झाइम तें फोडी, आम्ल उत्पन्न होई आणि शलाका तें सांगे. जंतूंनीं औषधाचा नाश करण्यासाठीं घडविलेलें हत्यार औषधाचा शोध घेण्यासाठीं राबूं लागलें! १९८० सालीं कारास आणि यानाता यांनीं हेंच एन्झाइम एका बारीक ट्रान्झिस्टरवर बसविलें. आणि पेनिसिलिन ओळखणारा तो ट्रान्झिस्टर एन्झाइमयुक्त ट्रान्झिस्टरांच्या कुळांतला आद्यपुरुष ठरला.

मग दुधाचा प्रश्न सुटला काय? नाहीं; आणि कां नाहीं, हें समजणें उद्बोधक आहे. ह्या शलाकांना जें पेनिसिलिन जाणवे, तें दुधांतील अनुज्ञेय मर्यादेच्या सुमारें दहा हजार पट असे. औषधाच्या कारखान्यांतील आंबवणाच्या हौदांत त्यांचा उपयोग होता, गवळ्याच्या चरवींत नव्हता. शिवाय दूध आणि रक्त हे दोन्ही पदार्थ आपली आम्लता सहसा बदलूं देत नाहींत. थोडेंसें आम्ल ते मुकाट्यानें गिळून टाकितात. म्हणून दुधासाठीं औषध फोडणारा नव्हे, तर त्याला घट्ट धरून ठेवणारा ओळखीदार हवा होता.

असे ओळखीदार निसर्गांतच होते. जंतूच्या भिंती बांधणारीं जीं प्रथिनें पेनिसिलिनच्या तावडींत सांपडतात, तीच त्याला धरूनहि ठेवितात. आणि विशेष हा कीं, कडें शाबूत असलेलें, म्हणजे खरोखर प्रभावी असें औषधच त्यांना ओळखूं येतें. दुसरे ओळखीदार प्रतिपिंडें, म्हणजे रक्तांतील प्रतिकारक प्रथिनें. स्वीडनमधील उप्साला येथून १९९० सालीं एक यंत्र बाजारांत आलें. त्यांत सोन्याच्या अतिशय पातळ पत्र्यावर खालून प्रकाश पाडतात, आणि पत्र्याच्या वरच्या अंगास कांहीं चिकटलें तर प्रकाशाचा कोन किंचित् ढळतो. प्रतिजैविकाचा रेणु इतका हलका कीं त्याच्या चिकटण्यानें कोन जेमतेम हलतो. म्हणून युक्ति उलट करावी लागली. पत्र्यावर औषध आधींच बसवून ठेवावयाचें, आणि नमुन्यांत वजनदार प्रतिपिंडें मिसळावयाचीं. नमुन्यांत औषध असेल तर प्रतिपिंडें तेथेंच गुंततात आणि पत्र्यापर्यंत थोडींच पोंचतात. कोन कमी ढळला कीं औषध अधिक! दूध, मध, मांस ह्यांतील निरनिराळीं औषधें ह्या रीतीनें कांहीं मिनिटांत ओळखतां येऊं लागलीं. कागदाच्या पट्टीवर लाल रेघ उमटविणाऱ्या स्वस्त परीक्षाहि ह्याच घराण्यांतल्या.

एवढा खटाटोप कशासाठीं, असें कोणी विचारील. तिन्ही कारणें गंभीर आहेत. पेनिसिलिन कांहींना मानवत नाहीं. क्लोरॅम्फेनिकॉलसारखें औषध क्वचित् एखाद्याच्या अस्थिमज्जेचें रक्त घडविण्याचें कामच बंद पाडतें. आणि तिसरें, सर्वांत व्यापक कारण म्हणजे अल्प मात्रेची संवय लागलेले जंतु औषधालाच जुमानीनासे होतात. १९५० सालीं अमेरिकेंत जूक्स आणि स्टोकस्टॅड यांनीं, ऑरिओमायसीनच्या अंशानें कोंबडीचीं पिल्लें अधिक झपाट्यानें वाढतात असें जाहीर केलें, आणि रोग नसतांहि औषध खुराकांत जाऊं लागलें. १९६९ सालीं ब्रिटनमध्यें स्वान समितीनें ह्या प्रकाराविरुद्ध इशारा दिला. संपूर्ण युरोपीय संघांत वाढीसाठीं औषध घालण्यास बंदी आली ती २००६ च्या आरंभीं. इशाऱ्यापासून बंदीपर्यंत छत्तीस वर्षांहून अधिक काळ गेला! आपल्याकडे कोलिस्टिन ह्या अखेरच्या आश्रयाच्या औषधाचा अन्नासाठीं पाळलेल्या जनावरांत वापर करण्यास २०१९ सालीं मनाई झाली.

पेनिसिलिनशीं महाराष्ट्राचा ऋणानुबंध जुना आहे. पुण्याजवळ पिंपरी येथें १९५४ सालीं हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला आणि पुढल्याच वर्षीं तेथें पेनिसिलिन तयार होऊं लागलें. त्या काळीं प्रश्न होता तो औषध गरिबापर्यंत पोंचेल कसें, हा. आज त्याच्या जोडीला दुसरा प्रश्न उभा आहे, कीं न मागतां तें आपल्यापर्यंत किती पोंचत आहे? दिल्लीच्या ‘सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायरन्मेंट’ ह्या संस्थेनें २०१४ सालीं दिल्ली व भोंवतालच्या प्रदेशांतून कोंबडीच्या मांसाचे ७० नमुने तपासले, त्यांतील ४० टक्क्यांत औषधांचे अंश सांपडले. केंद्रीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०१८ च्या पाहणींत दुधाच्या ६,४३२ नमुन्यांपैकीं ७७ नमुन्यांत प्रतिजैविकें मर्यादेबाहेर आढळलीं. शेंकडा सव्वा हें प्रमाण पाहून घाबरून जाण्याचें कारण नाहीं. परंतु जें दूध रोज लहान मुलांच्या पोटांत जातें, त्यांत तें निश्चिंत राहण्याजोगेंहि नाहीं.

आतां रक्ताकडे वळूं. दुधांत औषध नसावें अशी आपली इच्छा, रक्तांत तें पुरेसें असावें अशी. रक्तांत कमी पडलें तर जंतु जगतात. जेन्टामायसीनसारखें औषध अधिक झालें तर कान आणि मूत्रपिंडें धोक्यांत येतात. २०१४ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका पाहणींत दहा देशांतील ६८ इस्पितळांतल्या अत्यवस्थ रुग्णांचें रक्त तपासलें होतें. ज्यांवर संसर्गासाठीं उपचार चालू होते, त्यांपैकीं १६ टक्के रुग्णांत पेनिसिलिनच्या घराण्यांतील औषधाची किमान अपेक्षित पातळीहि पुरेसा वेळ टिकली नव्हती. ऑक्सफर्डच्या त्या शिपायाची अडचण सात दशकांनंतरहि पुरती सरलेली नव्हती.

येथेंहि जैवसंवेदक पुढें सरसावले आहेत. १९९० सालीं ‘ॲप्टामर’ नांवाचे, हव्या त्या रेणूला धरणारे न्यूक्लीइक आम्लाचे धागे निवडून काढण्याची रीति निघाली. असा धागा सोन्याच्या तारेवर बसविला म्हणजे औषध भेटतांच तो आपली घडी बदलतो आणि तारेंतील विद्युत्प्रवाह बदलतो. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांता बार्बरा येथील संशोधकांनीं २०१३ सालीं जिवंत उंदरांच्या वाहत्या रक्तांत कानामायसीन क्षणाक्षणाला मोजून दाखविलें. आणि २०१९ सालीं लंडनच्या इम्पीरियल कॉलेजच्या संशोधकांनीं निरोगी स्वयंसेवकांच्या त्वचेंत टोंचलेल्या अतिसूक्ष्म सुयांनीं पेनिसिलिनची पातळी चालू असतांनाच पाहिली. त्या सुयांवर बसविलेलें एन्झाइम पेनिसिलिन फोडणाऱ्या घराण्यांतलेंच. दुधाला जें अपुरें पडलें, तें येथें पुरलें, कारण उपचार घेणाऱ्याच्या शरीरांत औषध दुधाच्या मर्यादेच्या कित्येक पट असतें. फ्लेमिंग यांची सेंट मेरी येथील वैद्यकशाळा १९८८ सालीं ह्याच इम्पीरियल कॉलेजांत विलीन झाली होती, हा योगायोगहि नमूद करण्यासारखा आहे.

हा सर्व इतिहास पाहिला म्हणजे एक सत्य ठळकपणें दिसतें. मापन हें कधींच निर्हेतुक नसतें. चीझचा हौद फसला तेव्हां दूध तपासलें गेलें. निर्यातीचा माल परत आला म्हणजे मध आणि कोळंबी तपासली जाते. उपकरण जो विकत घेतो त्याच्या भीतीचें उत्तर तें प्रथम देतें. आज बहुतेक परीक्षा दूध विकत घेणाऱ्याच्या दारांत होते, विकणाऱ्याच्या गोठ्यांत नाहीं. दोन म्हशींच्या दुधावर ज्याचा संसार चालतो, त्याला चार दिवसांचें दूध ओतून द्या असें सांगणें सोपें आहे. तें नुकसान कोणीं सोसावयाचें, ह्याचें उत्तर कोणत्याहि सोन्याच्या पत्र्यावर उमटत नाहीं. आमच्या मतें ह्या विद्येची पुढची पायरी अधिक सूक्ष्म मापनाची नसून अधिक न्याय्य मापनाची असली पाहिजे. पट्टी गोठ्यांत पोंचावी, उत्तर दूध मिसळण्यापूर्वीं मिळावें, प्रामाणिकपणें वेगळ्या काढलेल्या दुधाचा कांहीं मोबदला संघानें किंवा सरकारनें द्यावा. आणि जिल्ह्याच्या इस्पितळांतल्या रुग्णाचें रक्तहि लंडनच्या स्वयंसेवकाइतक्याच काळजीनें पाहिलें जावें. माग काढण्याचें साधन आपल्या हातीं आलें आहे. तें कोणाच्या दारीं न्यावयाचें, हें मात्र आपणच ठरवावयाचें आहे.